दूध संपलंय, कंट्रोल-झेड

“दूध संपलंय, येताना अर्धा लिटर आण.” हा निरोप फोनवरून पाठवायला अर्धं मिनिट लागतं. तोच संगणकाच्या काळ्या टर्मिनलवरून, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीतून, पाठवायला एक संध्याकाळ जाते, आणि तेवढ्या वेळात मी स्वतः डेअरीत चार खेपा घालू शकतो. तरी मी टर्मिनलच उघडतो. कुणी हसलं तर इतिहास पुढे करतो. ३ डिसेंबर १९९२ रोजी नील पॅपवर्थने ‘मेरी ख्रिसमस’ हा जगातला पहिला एसएमएस पाठवला, तो संगणकावरूनच. समोरच्या हँडसेटवर तो नुसता वाचता येत होता. म्हणजे मूळ घराणं आमचं, अंगठ्याने टाइप करणारे मागाहून आले.

साहित्य फार नाही. यूएसबीचा जुना डोंगल (सिम घालून संगणकाला जोडायचा मोडेम), चालू सिम आणि लिनक्सवर चालणारा संगणक. सिम मात्र बघून घ्यावं. जुना डोंगल २जी-३जीचा असतो, त्यात फक्त ४जी-५जी चालवणाऱ्या कंपनीचं सिम घातलं तर दिवा रात्रभर लुकलुकतो आणि नेटवर्क काही येत नाही. शिवाय बरेच डोंगल लावल्या लावल्या आपण सीडी ड्राइव्ह असल्याचं सोंग घेतात, कारण पोटात विंडोजचा ड्रायव्हर असतो. यूएसबी-मोडस्विच नावाचा प्रोग्रॅम ते सोंग उतरवतो. मग ‘टीटीवाय-यूएसबी’ शून्य, एक, दोन अशी तीन-चार दारं दिसू लागतात. त्यातलं आज्ञा ऐकणारं कुठलं, हे प्रत्येकावर टकटक करून बघायचं. डोंगल काढून परत लावला की क्रमांक बदलू शकतात, म्हणून स्क्रिप्टमध्ये (आज्ञांच्या लिहून ठेवलेल्या यादीत) ‘डेव्ह’खालच्या ‘सिरियल बाय-आयडी’ फोल्डरातलं नाव वापरावं. ते हलत नाही.

‘परमिशन डिनाइड’ आलं तर स्वतःला ‘डायलआउट’ या, ही दारं वापरायची परवानगी असलेल्या ग्रुपमध्ये घाला, लॉगआउट करा आणि परत या. लॉगआउट करायचं विसरून तासभर डोंगलला शिव्या घालणं हा या कामाचा जवळजवळ अधिकृत टप्पा आहे. ‘डिव्हाइस बिझी’ आलं तर गुन्हेगार मोडेममॅनेजर, लिनक्समधला मोडेम सांभाळणारा प्रोग्रॅम. नवीन डोंगल दिसला की वाड्यातल्या चौकस आजोबांसारखा तो आधी त्याची सगळी चौकशी करतो, आणि तोवर दुसऱ्या कुणाला बोलू देत नाही. त्याची सेवा थांबवा. नाहीतर त्याच्याच एमएमसीएलआय या आज्ञेने एसएमएस पाठवा, पण तिथे ‘तयार करणं’ आणि ‘पाठवणं’ या दोन वेगळ्या आज्ञा आहेत. पहिलीच देऊन उठलात तर पत्र लिहून खिशात ठेवल्यासारखं होतं.

आता मिनिकॉम हा मोडेमशी गप्पा मारायचा प्रोग्रॅम उघडून थेट डोंगलशी बोलणं. ‘एटी’ म्हटलं की त्याने ‘ओके’ म्हणावं. ‘एटी प्लस सीएसक्यू’ म्हटलं की सिग्नल सांगतो, ० ते ३१. ९९ आलं म्हणून पेढे वाटू नयेत, त्याचा अर्थ ‘काही कळत नाही’. ‘सीआरईजी’ला ‘०,१’ आलं तर घरचं नेटवर्क, ‘०,५’ आलं तर रोमिंग. मग ‘सीएमजीएफ’ १ करायचं, म्हणजे साधा मजकूर चालतो. ‘सीएमजीएस’पुढे अवतरणात नंबर दिला की बाणासारखं एक चिन्ह येऊन थांबतं. तिथे मजकूर लिहायचा आणि एंटर नाही, कंट्रोल-झेड दाबायचं. एंटरने फक्त नवी ओळ येते. एरवी टर्मिनलमध्ये कंट्रोल-झेड म्हणजे ‘चालू काम बाजूला ठेव’, इथे ‘जाऊ दे’. तेच काम स्क्रिप्टमधून करायचं तर आज्ञेच्या शेवटी साधी नवी ओळ पुरत नाही, कॅरेज रिटर्न नावाचा वेगळा कोड लागतो. तो नसेल तर डोंगल तुमचं वाक्य अजून संपलेलंच नाही असं समजून शांतपणे ऐकत बसतो.

हे सगळं इंग्रजीत झालं. दूध मराठीत संपलंय.

एसएमएसच्या पोटात १४० बाइट मावतात. इंग्रजी अक्षर सात बिटांचं, म्हणून १६० अक्षरं. देवनागरीला प्रत्येकी दोन बाइट, म्हणून ७०. लांब मजकुराचे तुकडे जोडायचे तर जोडणीची माहितीही त्यातच भरायची, म्हणून प्रत्येक तुकड्यात इंग्रजीची १५३ आणि आपली ६७. वर मोजणी अशी, की काना, वेलांटी, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण, सगळ्याला वेगळं तिकीट. ‘स्त्री’ डोळ्याला एक अक्षर, मोजायला सहा. भाजीवाला फुकट टाकतो ती कोथिंबीर इथे आठ घरं खाते. इंग्रजीत लिहून पळवाट काढावी, तर मध्ये एक ₹ पडला की अख्खा निरोप ७०च्या हिशेबात जातो. सात बिटांच्या त्या तक्त्यात युरोला (दोन घरं मोजून का होईना) जागा आहे, रुपयाला नाही. वर्डमधून चिकटवलेलं वाकडं अवतरणचिन्हही तोच घात करतं.

डोंगलला देवनागरी समजावण्यासाठी ‘सीएससीएस’ला ‘यूसीएस२’ (दोन बाइटांची पद्धत) सांगायचं आणि ‘सीएसएमपी’ला १७, १६७, ०, ८. त्यातला १६७ म्हणजे निरोप पोचला नाही तर २४ तास प्रयत्न कर. शेवटचा ८ म्हणजे देवनागरीची परवानगी. मग मजकूर षोडशमान आकड्यांत (० ते ९ आणि पुढे ए ते एफ) द्यायचा, एका चिन्हाला चार आकडे. दूध म्हणजे ०९२६०९४२०९२७. आमच्या ३३ चिन्हांच्या निरोपाचे १३२ आकडे होतात. बऱ्याच डोंगलांत नंबरसुद्धा याच भाषेत द्यावा लागतो, आणि तिथे चूक झाली की ‘सीएमएस एरर’ हजर. ३३० म्हणजे मोबाइल कंपनीच्या संदेश केंद्राचा नंबर सापडत नाही, तो ‘सीएससीए’ने भरावा. ५०० म्हणजे ‘अज्ञात चूक’, आणि नेमकी तीच सगळ्यात जास्त वेळा भेटते.

या कटकटीवर उतारा म्हणजे गॅमू, टर्मिनलमधून एसएमएस पाठवणारा प्रोग्रॅम. एका ओळीत नंबर आणि मजकूर द्या, भाषांतर तो करतो. ‘युनिकोड’चा पर्याय विसरलात तर मराठीच्या जागी प्रश्नचिन्हांची रांग पोचते. निरोप लांब असताना लांबीचा पर्याय विसरलात तर एका एसएमएसपुरतंच घेतो आणि नेमका शेवटचा ‘आण’ गळतो.

आणि बॅशपुढे, म्हणजे टर्मिनलमध्ये आपल्या आज्ञा वाचणाऱ्या प्रोग्रॅमपुढे, उत्साह आवरावा. तिथे दोन उद्गारचिन्हं म्हणजे ‘मघाची आज्ञा इथे घाल’, अगदी दुहेरी अवतरणातही. मघाशी ‘सुडो किलऑल मिनिकॉम’ (मिनिकॉम बंद कर) म्हणून झालं असेल, तर मावशीला ‘वाढदिवसाच्या शुभेच्छासुडो किलऑल मिनिकॉम’ जातं. एकेरी अवतरण वापरा. मावशीसाठी तरी.

डोंगल नको, कर्ल या आज्ञेने इंटरनेटवरच्या एखाद्या एसएमएस गेटवेमार्फत पाठवू, असं वाटत असेल तर दूरसंचार नियामक ट्रायचे २०१८चे नियम आहेत. आधी डीएलटी या नोंदवहीत नोंदणी, मग पाठवणाऱ्याचा हेडर (निरोपावर दिसणारं नाव), मग मजकुराचा साचा मंजूर करून घ्यायचा, बदलत्या शब्दांच्या जागा मोकळ्या ठेवून. ‘अमुक संपलंय, येताना तमुक आण’ हा साचा मंजूर होईपर्यंत दुधाचं दही झालेलं असेल. हे सगळं पार पडलं तरी नंबरातलं अधिकचं चिन्ह गेटवेच्या वेब-पत्त्यात नुसतं लिहिलं तर त्याची मोकळी जागा होते. ते टक्का-२बी असं लिहावं लागतं.

म्हणून मी डोंगलवरच. पॅकमधले दिवसाचे १०० एसएमएस मला पुरतात, आणि इंटरनेट बंद पडल्याची बातमी इंटरनेटशिवाय देणारा घरात हा एकटाच. कंट्रोल-झेड दाबलं, चार-पाच सेकंदांनी ‘सीएमजीएस’ आणि एक क्रमांक आला, म्हणजे संदेश केंद्राने निरोप घेतला. वाचला असं नव्हे. पोच हवी असेल तर त्या १७च्या जागी ४९ लिहायचं. सगळं नीट झालं की ‘सीएमजीएल’ने इनबॉक्स उघडायचा. डोंगलमधल्या सिमचा नंबर घरात कुणीच सेव्ह केलेला नसतो, त्यामुळे दुधाच्या निरोपाला उत्तर ठरलेलं असतं: ०९१५०९४बी०९२३००३एफ. तक्ता काढून चार-चार आकडे जुळवले की वाचता येतं.

‘कोण?’