पंधराशेचा रंधा आणि तीस हजारांचा रंधा

खानदेशातले लाकूड वर्षातून दोनदा माणसाची परीक्षा घेते. मे महिन्यात जळगावचा पारा पंचेचाळिशीला टेकला की दाराच्या फळ्या आकसतात आणि फटीतून शेजारचा संसार दिसू लागतो; श्रावणात त्याच फळ्या इतक्या फुगतात की घराबाहेर पडायला खांदा लावावा लागतो. सुतार मात्र नेमका श्रावणातच मिळत नाही, म्हणून दारे तासायला मी स्वतःचा रंधा घ्यायचे ठरवले.

चार नंबरच्या मापाचा लोखंडी रंधा जगभर साधारण एकाच घडणीचा असतो. लेनर्ड बेली या अमेरिकन गृहस्थाने तो घडवला, स्टॅन्ले कंपनीने १८६९ मध्ये त्याचे हक्क विकत घेतले, आणि तेव्हापासून दोन इंची पाते, पात्याला ४५ अंशांची तिरकी बैठक आणि मागे पाते खालीवर करणारे चाक ही रचना फारशी बदललेली नाही. त्यामुळे चित्रात पंधराशे रुपयांचा आणि कस्टमसह तीस हजारांच्या घरात जाणारा परदेशी रंधा जुळे भाऊ वाटतात. दुकानदारानेही, "भाऊ, लोखंड ते लोखंडच ना!" असे सांगून माझा प्रश्न निकालात काढला, आणि मी पंधराशेचा रंधा घेऊन घरी आलो.

घरी आल्यावर कळले की त्या किमतीत रंध्याचा फक्त कच्चा माल मिळतो. तळावर मोजपट्टी उभी ठेवून उजेडाकडे धरली, तर मधून स्वच्छ प्रकाश दिसला. मग टीपॉयची काच काढून तिच्यावर ८० नंबरचा पॉलिश पेपर चिकटवला, तळावर मार्करने रेघोट्या मारल्या आणि घासायला बसलो. घासताना पाते आत ओढून, पण नेहमीसारखे घट्ट आवळूनच ठेवायचे असते, कारण त्या ताणाने तळाचा आकार किंचित बदलतो. पुढच्या आणि मागच्या टोकाच्या रेघोट्या लगेच गेल्या. तोंडाजवळच्या, म्हणजे पाते बाहेर येते त्या फटीजवळच्या, मात्र जागच्या हलेनात. दंड भरून आले, अंगणात काळा चिखल झाला, आणि टीपॉयची चौकशी करणाऱ्या सौभाग्यवतींना मी तळाचे महत्त्व समजावून सांगितले, ते त्यांना पटले नाही.

तळानंतर पात्यावर बसवलेल्या, छिलका मोडणाऱ्या लोखंडी पट्टीची पाळी आली. ती पात्याला नीट टेकत नव्हती, त्यामुळे मधल्या फटीत छिलके अडकून तोंड बंद होई. तिची कड कानशीने सरळ केली. चाक तर बराच वेळ नुसतेच फिरे आणि पात्याला त्याची खबरही नसे. त्यावर इलाज नाही, सवय होते.

धुळ्याच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांकडे मात्र लाय-नील्सनचा रंधा आहे. ही अमेरिकेच्या मेन राज्यातली कंपनी १९८१ पासून रंधे बनवते. त्याचे खास जातीच्या बिडाचे अंग फरशीवर पडले तरी सहसा तडकत नाही, पाते जाड आहे आणि चाक जरा फिरवले की पाते हलते. नवा असतानाही त्याच्या पात्याला पथरीवर शेवटची धार लावावी लागते, ती साहेबांनी मन लावून लावली, आणि आता ती धार जाईल या भीतीने ते रंधा लाकडाला लावत नाहीत. माझ्या आग्रहाखातर त्यांनी सागाची एक फळी काढली, आधी तीत खिळा नाही ना हे तीनदा पाहिले, आणि मग मला दोन हात मारू दिले. ज्यातून बोट दिसावे असा छिलका निघाला.

खरे सांगायचे तर, घासूनपुसून तयार केल्यावर माझाही रंधा तसाच छिलका काढतो. फरक नंतर कळतो. सागात वाळूच्या जातीचा सिलिका असतो, त्याने माझे पाते लवकर बोथट होते आणि मी पुन्हा पथरीकडे वळतो. उलटसुलट रेषांचे शिसम रंधायचे असेल तर साहेबांचा रंधा हवा. फुगलेल्या दाराला माझा पुरेसा आहे, कारण वरचे अठ्ठावीस हजार हे मुख्यतः तळ दुसऱ्याने घासल्याचे आहेत.

हा हिशेब मी गल्लीत जरा मोठ्या आवाजात मांडला, त्यामुळे दोघा शेजाऱ्यांनी पंधराशेचे रंधे आणले आहेत, आणि काच कोणाकडे आहे हे त्यांना चांगले ठाऊक आहे.