ब्रेट फार्व, जेट्स आणि २००८चा हंगाम : एका प्रतिक्रियेला उत्तर

सप्रेम नमस्कार.

अमेरिकन फुटबॉलमधला क्वार्टरबॅक, म्हणजे पास फेकणारा सूत्रधार, ब्रेट फार्व याच्या न्यू यॉर्क जेट्समधल्या एकमेव हंगामावर मी लिहिलेल्या लेखाला आपण इतक्या आस्थेने प्रतिक्रिया दिलीत, याबद्दल आभारी आहे. आपण न्यू जर्सीत राहता आणि २८ डिसेंबर २००८चा मायामीविरुद्धचा, जेट्सने गमावलेला सामना आपण मैदानात बसून पाहिलात, त्यामुळे आपल्या शब्दांतला संताप मला परका वाटला नाही. आपले आक्षेप थोडक्यात असे आहेत : बावीस टचडाउन (थेट गुण मिळवून देणारे पास) आणि बावीस इंटरसेप्शन (प्रतिस्पर्ध्यांनी पकडलेले पास) एवढ्या हिशेबावरच फार्वचा निकाल लागतो, दुखापतीची ‘सबब’ सांगून मी त्या ‘संपलेल्या’ खेळाडूला पाठीशी घातले, आणि ज्या चॅड पेनिंग्टन या क्वार्टरबॅकला त्याच्यासाठी बाहेरची वाट दाखवली गेली, त्यानेच मायामीला गटविजेतेपद मिळवून देऊन जेट्सचे डोळे उघडले. या तिसऱ्या आक्षेपात पुष्कळ तथ्य आहे. पहिले दोन मात्र मला मान्य नाहीत. या अपयशाला जबाबदार कोण, या आपल्या प्रश्नाकडे शेवटी येतो.

प्रथम आकड्यांविषयी. ३,४७२ यार्ड, बावीस टचडाउन, बावीस इंटरसेप्शन, नऊ विजय आणि सात पराभव हे सगळे खरे आहे. पण ही बेरीज मधोमध दुभंगलेल्या हंगामाची आहे. पहिल्या अकरा सामन्यांत फार्वने वीस टचडाउन पास फेकले आणि त्याचे तेरा पास प्रतिस्पर्ध्यांच्या हाती गेले. जेट्सने त्यांतले आठ सामने जिंकले. उरलेल्या पाच सामन्यांत टचडाउन दोन आणि इंटरसेप्शन नऊ, आणि विजय एक. सप्टेंबरपासून डिसेंबरपर्यंत एकाच पातळीवर अडखळत खेळणारा खेळाडू आणि नोव्हेंबरच्या अखेरीपर्यंत संघाला वर नेऊन मग एकाएकी कोसळलेला खेळाडू यांची सरासरी सारखी येऊ शकते, पण दोघांचे निदान सारखे असू शकत नाही. माझ्या लेखाचा सगळा भर या फरकावर होता आणि आजही आहे.

पहिल्या अकरा सामन्यांतला फार्व निर्दोष होता असे मी लिहिले नव्हते आणि आताही म्हणत नाही. तो ग्रीन बेमध्ये सोळा हंगाम जसा खेळला, तसाच इथेही खेळला. सॅन दिएगोत अँटोनियो क्रोमार्टीने त्याचा पास पकडून थेट टचडाउन केले. ओकलंडसारख्या दुबळ्या संघाविरुद्ध त्याचे दोन पास गेले आणि जेट्स जादा वेळेत १६-१३ असे हरले. त्याच्या पुढच्या आठवड्यात कॅन्सस सिटीविरुद्ध तीन पास गेले, त्यांतला एक ब्रँडन फ्लॉवर्सने ९१ यार्ड पळवत नेऊन टचडाउन केला, आणि तरीही अखेरच्या क्षणांत सहकारी कोल्सला टचडाउन पास देऊन फार्वनेच २८-२४ असा सामना काढला. त्याला संघात घेणे म्हणजे हा सगळा प्रकार पदरात घेणे होते. ऑगस्टमध्ये जेट्सने त्याच्यासाठी करार केला, तेव्हा महाव्यवस्थापक माइक टॅननबॉम आणि प्रशिक्षक एरिक मँजिनी यांना याची पूर्ण कल्पना असणार. त्याच वर्षी जानेवारीत न्यू यॉर्क जायंट्सविरुद्धच्या उपांत्य सामन्यात, जादा वेळेत, त्याने फेकलेल्या इंटरसेप्शनमुळेच ग्रीन बेची सुपर बोलची, म्हणजे लीगच्या अंतिम सामन्याची, संधी हुकली होती, आणि ते साऱ्या देशाने पाहिले होते.

तो संघात आला तेव्हाची परिस्थितीही लक्षात घ्यायला हवी. मार्चमध्ये डोळ्यांत पाणी आणून जाहीर केलेली निवृत्ती, उन्हाळ्यात बदललेले मन, ग्रीन बेने ॲरन रॉजर्सलाच पुढे नेण्याचा घेतलेला निर्णय, आणि मग ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात घाईघाईने झालेली अदलाबदल. जेट्सचा पहिला सामना ७ सप्टेंबरला होता. म्हणजे अडतीस वर्षांच्या माणसाला नवी खेळयोजना, नव्या संज्ञा, नवे रिसीव्हर (पास पकडणारे सहकारी) आणि नवा प्रशिक्षकवर्ग आत्मसात करायला जेमतेम महिना मिळाला. क्वार्टरबॅकचे निम्मे काम चेंडू हातात येण्यापूर्वीच होते : समोरची मांडणी वाचणे, खेळी बदलणे, कोणता रिसीव्हर कोणत्या पावलावर वळणार हे ठाऊक असणे. ही जाण वसंतातल्या सरावशिबिरांत आणि उन्हाळ्यातल्या रोजच्या सरावात हळूहळू रुजते. फार्वला त्यातले फारसे काही मिळाले नाही, आणि तरीही २८ सप्टेंबरला ॲरिझोनाविरुद्ध त्याने सहा टचडाउन पास फेकले, जे त्याच्या संपूर्ण कारकिर्दीत एकाच सामन्यात कधी जमले नव्हते.

नोव्हेंबरमधल्या दोन सामन्यांचा उल्लेख आपल्या प्रतिक्रियेत नाही, पण त्यांच्याशिवाय या हंगामाचे चित्र अपुरे राहते. १३ नोव्हेंबरच्या गुरुवारी फॉक्सबरोत न्यू इंग्लंडने सामन्याचा एक सेकंद शिल्लक असताना रँडी मॉसच्या हाती टचडाउन देऊन बरोबरी साधली. अशा वेळी पाहुण्या संघाचा धीर सुटतो. जादा वेळेत जेट्स आपल्याच टोकाजवळ अडकले होते, तिसऱ्या प्रयत्नात (थर्ड डाउन) पंधरा यार्ड हवे होते, आणि सगळ्यांना पास येणार हे माहीत होते. फार्वने चेंडू नवख्या डस्टिन केलरकडे दिला आणि सोळा यार्ड मिळवले. तिथून किकर जे फीली याच्या विजयी किकपर्यंत जेट्स पोहोचले आणि ३४-३१ असे जिंकले. दहाच दिवसांनी त्यांनी तोवर अपराजित असलेल्या, दहा सामने जिंकलेल्या टेनेसीला त्यांच्याच मैदानावर ३४-१३ असे हरवले. न्यू यॉर्कच्या दोन्ही संघांत सुपर बोल रंगेल अशी चर्चा त्या आठवड्यात शहरभर होती. आपण ज्याला ‘संपलेला खेळाडू’ म्हणता, त्याच्यामुळेच ती चर्चा होऊ शकली.

आता दुखापतीकडे येतो. ती कल्पित नव्हती. हंगाम संपताच झालेल्या तपासणीत फार्वच्या उजव्या, म्हणजे फेकीच्या हाताच्या बायसेप्सची कंडरा फाटल्याचे आढळले. पुढच्या मे महिन्यात तिच्यावर शस्त्रक्रिया करावी लागली. आणि सप्टेंबर २००९मध्ये लीगने, ही दुखापत सक्तीच्या साप्ताहिक दुखापत अहवालात न नोंदवल्याबद्दल, जेट्सला ७५ हजार डॉलर, तर टॅननबॉम आणि मँजिनी यांना प्रत्येकी २५ हजार डॉलर दंड ठोठावला. मँजिनी तेव्हा क्लीव्हलंडचे प्रशिक्षक झाले होते. हा दंड फार्वच्या बाजूने झालेल्या प्रचाराचा भाग नव्हता. संघाला हाताची तक्रार माहीत होती आणि ती दडवली गेली, असा त्याचा सरळ अर्थ आहे. दुखापत फार्वच्या माथ्यावरचे ओझे हलके करते की नाही यावर आपण वाद घालू शकतो. पण ती ‘सबब’ होती, हे आपले विधान टिकत नाही.

याचा अर्थ शेवटचे सगळे इंटरसेप्शन हातावर ढकलावेत असाही नाही. आपण ज्या सामन्याला हजर होता, त्यात मायामीचा फिलिप मर्लिंग हा आघाडीच्या फळीतला धिप्पाड खेळाडू मागे सरकून उभा राहिला आणि फार्वने चेंडू थेट त्याच्याकडे दिला. मर्लिंगने पंचवीस यार्ड पळून टचडाउन केले. त्या पासासाठी बलदंड हाताची गरज नव्हती, समोर कोण उभा आहे हे दिसण्याची होती. ती चूक फार्वचीच. पण त्याच्या खेळाची सगळी इमारत ज्या एका गोष्टीवर उभी होती, ती म्हणजे अरुंद फटीतून बचावपटू पोहोचण्याआधी चेंडू पार करणारा वेग. तो वेग थोडा जरी कमी झाला, तरी कालपर्यंत रिसीव्हरच्या हाती पडणारा तोच पास आज बचावपटूच्या हाती पडतो. पेनिंग्टनसारखा खेळाडू, ज्याच्या खांद्यावर दोनदा शस्त्रक्रिया झाली होती, त्याने हे सत्य फार आधी पचवले होते आणि आपला खेळ अचूकतेवर बेतला होता. फार्वला वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, डिसेंबरच्या मध्यात, ते शिकणे शक्य नव्हते.

पेनिंग्टनबाबत आपले म्हणणे मला बहुतांश मान्य आहे. आदल्या वर्षी एकच सामना जिंकलेल्या मायामीला त्याने अकरा विजयांपर्यंत नेले, एकोणीस टचडाउनमागे त्याचे केवळ सात इंटरसेप्शन होते, आणि इतक्या सभ्य खेळाडूला ऑगस्टमध्ये असे मोकळे करणे जेट्सला शोभले नाही. फक्त एक गोष्ट जोडतो. पेनिंग्टनही २००७मध्ये जेट्सकडेच होता आणि त्या वर्षी संघ चार सामने जिंकला होता. मायामीचे पुनरुत्थान एकट्या क्वार्टरबॅकचे नव्हते. जेट्सची पडझडही एकट्याची नव्हती. पडझडीचा पहिला सामना डेन्व्हरविरुद्धचा : त्यात डेन्व्हरचा क्वार्टरबॅक जे कटलर याने जेट्सच्या बचावाविरुद्ध ३५७ यार्डांचे पास दिले आणि पेटन हिलिस १२९ यार्ड धावला. फार्वचे त्या सामन्यात एकच इंटरसेप्शन होते.

राहिला आपला शेवटचा प्रश्न : मग जबाबदार कोण? आपण २८ डिसेंबरचा सामना निर्णायक मानता. माझ्या मते हंगाम त्याच्या आदल्या रविवारीच, सिअ‍ॅटलच्या बर्फात गेला होता. मायामीला हरवूनही जेट्सना बाद फेरी गाठता आली नसती, कारण न्यू इंग्लंड बफेलोत १३-० असे जिंकले होते आणि बाल्टिमोरही आपला सामना जिंकले. पण सिअ‍ॅटल आणि मायामी यांच्याविरुद्धचे दोन्ही सामने जिंकले असते, तर जेट्स आणि न्यू इंग्लंड यांचे प्रत्येकी अकरा विजय झाले असते, आपसातली लढत १-१ अशी होती, आणि गटांतर्गत सामन्यांत जेट्स ५-१ विरुद्ध ४-२ असे वरचढ ठरून गटविजेते झाले असते.

समोर सिअ‍ॅटलचा असा संघ होता, जो तो हंगाम चार विजयांवर संपवणार होता. बचावाने त्याला तेरा गुणांवर रोखले. जेट्सकडे थॉमस जोन्स होता, जो त्या हंगामात चेंडू घेऊन १,३१२ यार्ड धावला. आणि फार्वने त्या दिवशी दोन इंटरसेप्शन दिले, टचडाउन एकही नाही. जेट्सचे गुण तीन. बाकावर पर्यायी क्वार्टरबॅक केलन क्लेमेन्स होता. आदल्या वर्षी त्याचे पाच टचडाउन आणि दहा इंटरसेप्शन झाले होते, म्हणून मँजिनी यांना त्याचा भरवसा वाटला नसेल, हे समजते. शिवाय फार्वची १९९२पासून अखंड चाललेली सलग सामन्यांची मालिका मोडण्याचे धाडस कोणालाही सहज झाले नसते, आणि स्वतः फार्व तर कधीच आपणहून थांबला नसता. परंतु खेळाडूने ‘मी खेळतो’ म्हणणे हा त्याचा स्वभाव असतो. ‘तू या आठवड्यात बसायचे आहे’ असे सांगणे हे प्रशिक्षकाचे काम असते. दुखऱ्या हाताची माहिती असताना, जोन्सला चेंडू देत सावध खेळ करण्यापुरता क्लेमेन्स त्या एका रविवारी पुरेसा होता, असे माझे ठाम मत आहे. म्हणून माझ्या यादीत पहिले नाव मँजिनी यांचे, दुसरे टॅननबॉम यांचे आणि तिसरे फार्वचे.

फार्व त्या वयात संपला होता, या आपल्या मताला पुढच्याच वर्षाने उत्तर दिले. शस्त्रक्रियेनंतर, चाळीस वर्षांचा झालेला हाच फार्व मिनेसोटाकडून तेहतीस टचडाउन आणि केवळ सात इंटरसेप्शन घेऊन बारा सामने जिंकला. मिनेसोटात चेंडू घेऊन धावणारा एड्रियन पीटरसन होता, रिसीव्हर अधिक चांगले होते आणि खेळयोजना त्याच्या ओळखीची होती, हे मी नाकारत नाही. पण पाच सामन्यांत नऊ इंटरसेप्शन देणारा हात आणि पूर्ण हंगामात सात देणारा हात यांच्यातला फरक केवळ सहकाऱ्यांनी भरून निघत नाही. आपल्याला हे मान्य नसेल, तर २००९च्या मिनेसोटाच्या सामन्यांविषयी आपण जरूर लिहा. सिअ‍ॅटलच्या सामन्याबद्दल आपले मत वाचायला मला विशेष आवडेल.