मालकाचं उत्तर: "साधं स्टिअरिंग ऑइल बदलायला दोन दिवस, एक स्टार"

नमस्कार साहेब,

रिव्ह्यू वाचला. तुमचं अक्कलकोटला निघायचं शुक्रवारी सकाळचं होतं ते संध्याकाळवर गेलं, घरची मंडळी बॅगा भरून बसून राहिली, त्याबद्दल माफी मागतो. फोनवर आमच्या मुलाने "दोन तासांत होईल" असं सांगून टाकलं, तीही आमचीच चूक. गाडी न बघता वेळ सांगायची नसते.

पण "दोन दिवस" हे मात्र मनाला लागलं, म्हणून लिहितोय.

तुमची 2010 ची टाटा विंगर गाडी आमच्याकडे आली बुधवारी संध्याकाळी पावणेसातला. साडेसातला आमचं शटर पडतं. तरी त्याच वेळी बॉनेट उघडून तुमच्यासमोर स्टिअरिंग ऑइलच्या टाकीचं झाकण काढलं. आत लाल एटीएफ, म्हणजे स्टिअरिंगचं तेल, दिसायला हवं होतं, निघालं काळपट तपकिरी, जळका वास मारणारं आणि वर फेस. खाली वाकून बघितलं तर स्टिअरिंगच्या पंपाकडून रॅककडे (चाकं वळवणाऱ्या भागाकडे) जाणारा प्रेशर पाइप जोडापाशी ओला. तेल कमी का होत होतं ते तिथेच कळलं. तुम्ही म्हणालात, "क्लिप मारा आणि द्या." साहेब, टायरमध्ये चाळीसच्या आसपास हवा असते, या पाइपात त्याच मापाने हजाराच्या वर प्रेशर जातं. घाटात क्लिप निसटली असती तर स्टिअरिंग दगडासारखं जड झालं असतं आणि शिव्या आम्हीच खाल्ल्या असत्या.

हा पाइप भोसरीला प्रेस करून घ्यावा लागतो. दुसऱ्या दिवशी गुरुवार. गुरुवारी तिकडे एमआयडीसीला सुट्टी असते हे पुण्यात कुणाला सांगायला नको. नाना पेठेत दोन दुकानं पालथी घातली, तयार पाइप नव्हता. म्हणजे तुमच्या दोन दिवसांतला एक तर सुट्टीचाच. शुक्रवारी साडेअकराला पाइप बसला, तेल भरलं. आणि बाराला तुम्ही आलात तेव्हा सहज बोलता बोलता म्हणालात की मागच्या महिन्यात ड्रायव्हरने टाकीत ब्रेक ऑइल टाकलं होतं, "तेलच ना शेवटी".

हे बुधवारी सांगितलं असतंत तर! ब्रेक ऑइल या तेलात मिसळत नाही, आणि त्याने रॅकचे आणि पंपाचे सील फुगतात, मऊ पडतात. मग भरलेलं नवं तेलही काढावं लागलं. पुढची चाकं जॅकवर घेतली, तेल टाकीत परत आणणारा रिटर्न पाइप बाटलीत सोडला आणि स्वच्छ लाल तेल येईपर्यंत वरून ओतत राहिलो. एक लिटर म्हणता म्हणता तीन लिटर तेल गेलं. सहा हजारांचं बिल म्हणून तुम्ही लिहिलंय, त्यात तेल 1,350, पाइप 2,200, पंप फिरवणारा बेल्ट 650 आणि मजुरी 1,800. जुना बेल्ट तुमच्याच डिकीत ठेवलाय, भेगा मोजून बघा.

आता रिव्ह्यूमधला तो फोटो. "पोरगं सीटवर बसून स्टिअरिंग फिरवत टाइमपास करत होतं." साहेब, तो टाइमपास नव्हता, एअर, म्हणजे तेलात अडकलेली हवा, काढणं चाललं होतं. इंजिन बंद ठेवून स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत वीसेक वेळा फिरवायचं, मधे टाकी बघायची, तेल खाली गेलं की भरायचं, बुडबुडे थांबले की मग इंजिन चालू. ही घाई केली की पंप कण्हत राहतो. मुलगा आयटीआय झालेला आहे, तो फोटो बघून दिवसभर गप्प होता.

वळवताना बारीक घुंई असा आवाज अजून येतो, हे खरं आहे. पंप कमी तेलावर बरेच दिवस चाललाय, तो आतून घासलाय. बदलू का विचारलं तर तुम्ही "सध्या चालू द्या" म्हणालात, जॉबकार्डवर तसं लिहून तुमची सही आहे. पार्किंगमध्ये स्टिअरिंग टोकाला नेऊन तिथेच दाबून धरू नका एवढं ड्रायव्हरला सांगा, तेल तापतं. आणि रोज निघण्याआधी टाकीवर नजर टाकायला एक मिनिट लागत नाही.

1998 पासून हे गॅरेज आहे. रविवारी दोन जुन्या गिऱ्हाइकांनी फोन करून विचारलं, "काय झालं हो?" काय सांगणार? खर्चाचा अंदाज आधी व्हॉट्सअॅपवर द्यायचा, बाकीही सुधारणा करायच्या असं आमचं चाललंच आहे.

तुमच्या गाडीतून काढलेलं तेल पाण्याच्या बाटलीत काउंटरवर ठेवलंय, कधीही येऊन बघा. गाडी आणलीत तर तेलाची पातळी आणि नव्या पाइपचा जोड फुकट तपासून देईन. फक्त गुरुवारी येऊ नका.