मॅडम, कॅमेरा चालू होता का?

गाडीच्या पुढच्या काचेला लावलेल्या डॅशकॅमबद्दलचा, म्हणजे समोरचा रस्ता चित्रित करणाऱ्या कॅमेऱ्याबद्दलचा हा प्रश्न मला सव्वा वर्षात दोनदा ऐकावा लागला. दोन्ही वेळा विचारणारे हवालदार, दोन्ही वेळा रस्ता मुंबई–गोवा महामार्गच. दोन्ही वेळा मी छातीठोकपणे "हो" म्हणाले. पहिल्यांदा ते खोटं ठरलं.

मी लांज्याला राहते, नोकरी रत्नागिरीत. पाली, हातखंबा असा रोजचा रस्ता. जुलैतली गोष्ट. कामाच्या डायव्हर्शनला समोर जेसीबी आडवा होता म्हणून हँडब्रेक ओढून थांबले होते. मागून एक मोठी गाडी आली ती थेट माझ्या डिकीत. चालक उतरला आणि माझं ऐकून घ्यायच्या आधीच म्हणाला, "ताई, तुम्ही रिव्हर्स घेतलीत." पाऊस धो धो पडत होता, तरी पाच मिनिटांत पंधरा माणसं जमली. त्यातल्या एकानेही काही पाहिलेलं नव्हतं. पण "बाई चालवतेय ना" हे वाक्य दोघांच्या तोंडून आलं, आणि तेवढ्यावर निकाल लागला.

हवालदारांनी काचेकडे बोट करून कॅमेऱ्याचं विचारलं. मी म्हटलं, चालू आहे, पुढचा असला तरी माझी गाडी जागची हलली नाही हे त्यात दिसेलच. घरी येऊन कार्ड लॅपटॉपला लावलं. शेवटची फाइल तीन आठवड्यांपूर्वीची.

त्या रात्री मी ते कार्ड उघडून अक्षरशः एकेक फाइल पाहिली. सगळ्या फाइल कुलूपबंद, आणि प्रत्येकीत एक खड्डा. कॅमेऱ्यात जी-सेन्सर असतो. गाडीला जोराचा धक्का बसला की त्याला वाटतं अपघात झाला, आणि तो तेवढी क्लिप वेगळी काढून कुलूप लावतो, म्हणजे पुढचं चित्रण तिच्यावर चढत नाही. एरवी कार्ड भरलं की सर्वांत जुनी फाइल पुसून नवी लिहिली जाते, त्याला लूप रेकॉर्डिंग म्हणतात. कुलूपबंद फाइल मात्र त्या फेऱ्यात येत नाही. माझा सेन्सर कंपनीने ठेवला होता तसाच 'हाय'वर होता. आमच्या रस्त्यावर पावसाळ्यात रोज किती धक्के बसतात हे इथल्या कोणाला सांगायला नको. महिनाभरात खड्ड्यांनीच कार्ड भरलं आणि कॅमेरा मुकाट्याने थांबला. तो इशारा देत असणार, पण त्याची बडबड नको म्हणून आवाज मीच बंद करून ठेवला होता. काचेवरचा हिरवा दिवा तेवढा जळत राहिला.

डिकीचा खर्च माझ्या विम्यातून गेला आणि नो क्लेम बोनसही गेला. पैशाचं दुःख महिनाभराने सरलं. पंधरा माणसांसमोर खोटारडी ठरल्याचं मात्र अजून सलतं.

म्हणून हे लिहिते आहे. आपल्याकडे कॅमेरा घेणाऱ्यांची संख्या वाढली आहे, प्रत्येक जण दुकानात "फोर के आहे का" हे विचारतो, आणि बसवल्यावर तो काय करतो ते वर्षभर कोणी बघत नाही. माझं म्हणणं एवढंच की कॅमेरा हा साक्षीदार आहे, आणि साक्षीदार कोर्टात उभा राहायच्या आधी जागा आहे ना हे आपणच बघायचं असतं.

कोकणात पहिला शत्रू ऊन. मे महिन्यात काचा लावून गाडी उन्हात तासभर उभी केली की स्टिअरिंगला हात लावता येत नाही, आणि कॅमेरा तर काचेला चिकटलेला. आत लिथियम बॅटरी असेल तर ती त्या उष्णतेने फुगते. माझा पहिला कॅमेरा असाच पोटातून उघडला होता. बॅटरीऐवजी सुपरकपॅसिटर (थोडी वीज साठवणारा भाग) असलेला घ्या. तो उष्णता बराच जास्त सोसतो, आणि गाडी बंद झाल्यावर शेवटची फाइल नीट मिटण्यापुरती वीज धरून ठेवतो. चार पैसे जास्त पडले तरी ते इथे घाला, फोर केमध्ये घालू नका. दिवसाउजेडी नंबर वाचायला चांगल्या लेन्सचा साधा फुल एचडी किंवा टू के पुरतो.

कार्डही मोबाइलमधलं जुनं टाकू नका. कॅमेरा त्यावर सतत लिहितो, पुसतो, पुन्हा लिहितो. साधं कार्ड त्या माऱ्याने वर्षाच्या आत दगा देऊ शकतं, आणि दगा देताना सांगत नाही. 'हाय एन्ड्युरन्स' लिहिलेलं कार्ड याच कामासाठी बनवलेलं असतं. हिशोब सांगते. फुल एचडीचा बिटरेट, म्हणजे सेकंदाला लिहिली जाणारी माहिती, १५ एमबीपीएस (मेगाबिट) धरला तर तासाला पावणेसात जीबीच्या आसपास लागतात, म्हणजे ६४ जीबीच्या कार्डात साधारण नऊ तास बसतात. मागचाही कॅमेरा असेल तर त्याच्या निम्मे धरा. रोज दोन-अडीच तास गाडी चालवणाऱ्याचं सोमवारचं चित्रण शुक्रवारी उरत नाही. काही घडलं तर त्याच दिवशी कार्ड काढा.

बसवण्याचं काम मी लांज्यातल्या आमच्या ऑटो इलेक्ट्रिशियन मामांकडून शेजारी उभी राहून करून घेतलं. जागा आतल्या आरशाच्या मागे, डावीकडे, चालकाच्या नजरेआड आणि वायपर फिरतो त्या पट्ट्यात. पावसात वायपरबाहेरच्या काचेतून फक्त पाणी दिसतं. काचेच्या कडेला काळे ठिपके असतात त्यांच्यावर डबल टेप धरत नाही, खाली साफ काचेवर लावायचा. आणि हे काम पावसाळी दमट दिवशी करू नका, काचेला आतून ओल असते, आठ दिवसांत कॅमेरा मांडीवर पडतो. काच स्पिरिटने पुसायची, उन्हाने कोमट होऊ द्यायची, मग चिकटवून दिवसभर हात लावायचा नाही.

वायर ओढताना मी म्हटलं, "मामा, काचेच्या बाजूच्या खांबाच्या कव्हरवरूनच खोचून द्या ना, पटकन होईल." ते थांबले. कव्हर काढून आतली घडी घातलेली एअरबॅग दाखवली आणि म्हणाले, "ही फुटली की पुढे जे असेल ते तोंडावर येणार, ताई. वायर हिच्या मागनंच न्यायची." छताच्या कापडातून, एअरबॅगच्या मागून, गाडीच्या मूळ वायरींना बांधत, दाराच्या रबराखालून फ्यूज बॉक्सपर्यंत असं त्यांनी दीड तास काम केलं. ज्यांच्या गाडीत अशा बाजूने उघडणाऱ्या पडद्याच्या एअरबॅग आहेत त्यांनी एवढं तरी जरूर विचारा. घरी स्वतः करायचं असेल तर लायटरच्या सॉकेटमधून जोडलेलं बरं, त्यात काही बिघडत नाही.

पार्किंग मोडच्या, म्हणजे गाडी बंद उभी असतानाही कॅमेरा चालू ठेवण्याच्या मी विरोधात आहे, निदान आपल्याकडे. त्याला गाडीच्या बॅटरीचं व्होल्टेज उतरलं की कॅमेऱ्याची वीज तोडणारं हार्डवायर किट लागतं, आणि गाडी आठवडाभर अंगणात उभी राहणार असेल तर बॅटरी जुनी असताना ते नकोच.

आता सेटिंग. जी-सेन्सर 'लो'वर. तारीख आणि वेळ तपासा, जीपीएस असेल तर टाइम झोन +५:३० आहे ना ते बघा, कारण गाडी बरेच दिवस बंद राहिली की काही कॅमेऱ्यांचं घड्याळ मागे पडतं आणि चुकीच्या तारखेच्या चित्रणावर समोरचा वकील पहिलं बोट ठेवतो. जीपीएस तुमचा स्वतःचा वेगही चित्रावर छापतो. काही जण म्हणतात तो बंद ठेवा, उद्या आपल्यावरच उलटेल. मी चालू ठेवते. ऐंशीने जाणारी बाई ऐंशीनेच जात होती असं सांगणारा साक्षीदार मला हवा आहे. काचेत डॅशबोर्डचा पांढरा नॅपकिन आणि गणपती उमटत असेल तर नॅपकिन काढा, गणपती जरा बाजूला सरकवा. चकाकी मारणारा सीपीएल फिल्टर उन्हाळ्यात छान, पण तो उजेडही खातो, म्हणून मृगाच्या आधी उतरवून ठेवायचा.

हे सगळं करून झालं आणि गेल्या दसऱ्याच्या आदल्या आठवड्यात दुसरी वेळ आली.

संगमेश्वरहून परत येत होते, दिवेलागणीची वेळ. समोरून आधी एक मासळीची गाडी गेली. तिच्यामागून थोड्या अंतराने बाइकवरचा मुलगा, आणि त्याच्या मागे जांभ्या चिऱ्यांनी भरलेला टेम्पो. वळणावर मुलाची बाइक एकाएकी खालून निसटली आणि तो रस्त्यावर घसरत माझ्या बाजूला आला. मी ब्रेक दाबला. टेम्पोवाल्याने सगळी गाडी डावीकडे गटारात घातली. चिरे रस्त्यावर सांडले.

मी आधी १०८ ला फोन लावला. तेवढ्यात टपरीवरची माणसं धावत आली. त्यांना दिसलं ते एवढंच, की पोरगा रस्त्यात पडला आहे आणि पलीकडे टेम्पो उलटायच्या बेतात. ड्रायव्हरला कॉलर धरून खाली ओढलं, दोन थपडा बसल्याही. तो पन्नाशीचा माणूस हात जोडून सांगत होता, "मी लागलोच नाय त्याला, मी लागलोच नाय." कोण ऐकणार!

मी कॅमेऱ्याच्या दोन इंची पडद्यावर ती क्लिप लावली आणि थापड मारणाऱ्यालाच गाडीत बसवून दाखवली. एकदा, मग पुन्हा. हेडलाइटमध्ये रस्त्यावर ओला पट्टा चमकताना दिसतो, मासळीच्या गाडीतून गळलेलं बर्फाचं पाणी. बाइकचं मागचं चाक त्या पट्ट्यावर येतं आणि जातं. टेम्पो तेव्हा चांगला लांब आहे. तो माणूस काही बोलला नाही. गाडीतून उतरला, ड्रायव्हरचा पडलेला गमछा उचलून त्याच्या हातात दिला आणि चिरे बाजूला करायला लागला.

मुलाचं गळ्याजवळचं हाड मोडलं होतं, आता बरा आहे. त्या मासळीच्या गाडीचा नंबर मात्र मिळाला नाही. समोरच्या दिव्यांच्या झोतात पाटी म्हणजे पांढरा डाग. रात्री बहुतेक कॅमेऱ्यांचं असंच होतं, महागातल्यांचंही. म्हणून तेव्हापासून मी एक सवय लावून घेतली आहे. गाडी संशयाची वाटली, पाणी गळताना दिसली, की तिचा नंबर मोठ्याने वाचायचा. मायक्रोफोन चालू असतो, चित्रात नाही आला तरी आवाजात येतो. ही सवय मला आधी असती तर त्या गाडीच्या मालकाला आज उत्तर द्यावं लागलं असतं. मासळीच्या गाड्यांचं पाणी टाकीत धरलं पाहिजे, रस्त्यावर सोडता कामा नये, हे आपण किती वर्षं नुसतं बोलायचं?

तिथेच तीन जणांनी मला म्हटलं, "मॅडम, व्हिडिओ ग्रुपवर टाका ना." मी नाही टाकला, आणि मागितला तरी कोणाला देणार नाही. त्यात एक पोर ओरडतंय. त्याच्या आईने ते कोणाच्या तरी स्टेटसवर पाहायचं? शिवाय व्हॉट्सॲपवर गेलेला व्हिडिओ दाबून लहान केला जातो, ती मूळ फाइल राहत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं, त्यात फाइलची हॅश व्हॅल्यू लिहितात. ती म्हणजे फाइलच्या बोटाचा ठसाच, एक बिट बदलला तरी ठसा बदलतो. म्हणून कार्ड काढलं, लॅपटॉपवर नक्कल केली, मूळ कार्ड पोलिसांकडे दिलं आणि त्याची लेखी नोंद मागून घेतली. माझ्या गाडीत नवं कार्ड दुसऱ्या दिवशी सकाळी पडलं.

"कोर्टाच्या फेऱ्या कशाला मागे लावून घेतेस" असं घरी सगळे म्हणाले. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १३४ अ आलं आहे. अपघातात सद्भावनेने मदत करणाऱ्याला त्यात संरक्षण आहे, त्याच्यावर नाव-पत्ता सांगायचीही सक्ती नाही. मी नाव सांगितलं ते माझ्या मर्जीने. जुलैत माझ्या बाजूने बोलणारा एक जण असता तर मला काय वाटलं असतं, ते मला ठाऊक आहे.

तो ड्रायव्हर पुढच्या सोमवारी मला भेटायला आला होता. मी म्हटलं, मालकाला सांगून कॅमेरा बसवून घ्या. म्हणाला, "मालक म्हणतो गाडीचा विमा आहे, कॅमेरा कशाला." विमा गाडीचा आहे, बरोबर. थपडा ड्रायव्हरला बसतात.

टेम्पो, पिकअप, डंपर असलेल्या माझ्या ओळखीतल्या सगळ्यांना म्हणून सांगते. आता आंब्याचा सीझन येईल, तुमच्या गाड्या रात्र रात्र वाशीला पळतील, ड्रायव्हर दोन रात्रींचा जागा असेल. एका फेरीच्या भाड्यातून बरा कॅमेरा येतो. कार्ड कोणतं, सेन्सर कुठे ठेवायचा, तारीख कशी लावायची ते मी करून देईन, पैसे नकोत. रविवारी सकाळी मी घरीच असते. गाडी घेऊन या, आणि ड्रायव्हरला बरोबर आणा, कारण क्लिपला कुलूप लावायचं बटण त्याला अंधारात सापडलं पाहिजे.