मायर, पाटील आणि बीडची पाटी

२०२५ मध्ये बीडच्या पोलीस अधीक्षकांनी पोलिसांच्या नावाच्या पाट्यांवरून आडनावच काढून टाकलं, फक्त नाव ठेवलं, का तर मस्साजोगच्या सरपंचांच्या खुनानंतर जिल्ह्यात वातावरण असं तापलं होतं की आडनाव वाचूनच लोक ठरवायचे हा साहेब आपला का त्यांचा. आमच्या फॅमिली ग्रुपवर यावरून जुंपली ती अजून अधूनमधून पेटते. काकांचं म्हणणं, नुसते पोलीस कशाला, सगळ्यांचीच आडनावं बंद करा, जात आपोआप जाईल. मामेभावाचं म्हणणं, आडनाव ही पूर्वजांची कमाई आहे, चार टाळकी भांडतात म्हणून आम्ही का सोडायची. आणि दोघंही मला टॅग करून विचारतात, तू जर्मनीत आहेस ना, तिकडे कसं असतं ते सांग. सांगतो, पण दोघांनाही ते फारसं आवडणार नाही.

मी राहतो बीलेफेल्डला, देशाच्या उत्तर-पश्चिमेला. इथे फ्लॅटला नंबर नसतो. रस्ता, घराचा नंबर आणि बेलच्या बटणाशेजारी आडनाव, एवढाच पत्ता, टपालपेटीवर आडनावाची चिठ्ठी नसेल तर पोस्टमन पत्र सरळ परत पाठवतो. आमच्या बोर्डावर तीन मायर आहेत, एक ई-आय वाला, एक ई-वाय वाला आणि एक ए-आय वाला, शिवाय वर एक ब्रिंकमायर. पार्सलवाला हमखास चुकीची बेल दाबतो. (देवनागरीत लिहिलं की सगळे सारखेच, पार्सलवाल्याला मराठी शिकवून काही उपयोग नाही.) उच्चार एकच असल्यामुळे फोनवर नाव सांगितलं की पुढचा प्रश्न ठरलेला, कुठलं स्पेलिंग? साधारण ई-वाय वाले उत्तरेकडचे आणि ए वाले दक्षिणेकडचे. आडनावांच्या याद्यांत ही स्पेलिंगं वेगवेगळी मोजतात, तरी नुसता ई-वाय वाला मायर देशातल्या पहिल्या दहात असतो. पहिला नंबर म्युलर, म्हणजे पिठाच्या गिरणीवाला, दुसरा श्मिट, लोहार.

आता हा मायर मुळात कोण? मध्ययुगात सरदाराची नाहीतर मठाची जी मोठी जमीन असायची तिचा कारभार बघणारा माणूस. लॅटिनमधल्या मोठा या अर्थाच्या शब्दावरून आलेलं पद. कुळांकडून धान्य आणि देणी वसूल करायची, वेठीची कामं करून घ्यायची, मालकाला हिशोब द्यायचा आणि त्यातून स्वतःचंही भागवायचं. आपला गावचा पाटीलच की! मीही आडनाव पाटील लावतो, त्यामुळे हे वाचलं तेव्हा शेजारच्या तिन्ही मायरांबद्दल एकदम भाऊबंदकीची भावना आली. पुढे पद गेलं, नाव राहिलं. मग मोठ्या शेताला मायरचं शेत म्हणायला लागले, ते कसणारा तोही मायर, वरचा मायर, खालचा मायर, दगडाजवळचा मायर असं होत होत नाव इतकं पसरलं की त्यातला रुबाबच गेला. सध्याचे राष्ट्राध्यक्ष श्टाइनमायर, ते जन्मले डेटमोल्डला, म्हणजे आमच्या शेजारीच. आमच्या या भागात तर आडनाव माणसापेक्षा शेताचंच जास्त असायचं, शेताची वारस मुलगी असली तर तिच्याशी लग्न करणारा घरजावई मुकाट्यानं शेताचं नाव लावायचा. अस्मिता वगैरे नंतर, आधी जमीन. मामेभावानं हे जरूर वाचावं.

पुढे १८७६ पासून सगळ्या देशात सरकारी नोंदणी कचेऱ्या आल्या आणि कारकुनानं लिहिलं ते स्पेलिंग कायमचं चिकटलं. मायर तोवर इतके झाले होते की असं झालं तर माझं नाव मायर, अशी म्हणायची पद्धतच पडली, आपण नाव बदलीन म्हणतो तसं. हिटलरचा हवाईदल प्रमुख गोअरिंग, त्यानं शत्रूच्या विमानांबद्दल अशीच फुशारकी मारली होती म्हणतात, मग बॉम्ब पडायला लागले आणि लोक त्याला खाजगीत मायर म्हणायला लागले. आज तर इथला नियम असा की आडनाव बदलायला सबळ कारण लागतं, आणि मायर, म्युलर, श्मिट यांच्यापैकी असणं हे गोंधळ उडतो म्हणून कारण धरलं जातं. एकेकाळचा गावचा कारभारी, आज सरकार म्हणतं गर्दी झाली, हवं तर बदला.

म्युलरचं तर उलट. गिरणीवाला पीठ चोरतो अशी ख्याती, त्यामुळे जर्मनीच्या बऱ्याच भागांत गिरणीवाले, विणकर, धनगर हे हलके धंदे मानले जायचे आणि कारागिरांच्या संघात त्यांच्या पोरांना घ्यायचे नाहीत. बादशाही फर्मानं निघाली की असं करू नका, १५४८ ला निघालं, १५७७ ला निघालं, १७३१ ला पुन्हा काढावं लागलं, यावरूनच काय ते समजा. आज म्युलर आणि मायर यांचं लग्न ठरलं तर कुणाच्या आजीला चक्कर येत नाही. आणि हे आडनावं पुसून झालं नाही बरं का काका, आडनावं तर इथे बेलवर छापलेली आहेत. झालं ते संघांची मक्तेदारी मोडली म्हणून, जमीनदारी गेली म्हणून, पोरं शहरात कारखान्यात आली आणि तिथेच लग्नं केली म्हणून. आडनावावर काही अडायचंच बंद झालं.

पण इथे सगळं आलबेल आहे असंही नाही. मायर या नावाला दुसरं मूळ आहे, हिब्रूतलं मेइर, म्हणजे उजेड देणारा. त्यामुळे ज्यूंमध्येही मायर भरपूर होते, नुसत्या आडनावावरून कळायचं नाही कोण कोण आहे. मग नाझींनी काय केलं, १९३८ ला हुकूम काढला की ज्यांचं नाव आमच्या यादीप्रमाणे ज्यू वाटत नाही अशा ज्यू पुरुषांनी आपल्या नावात इस्राएल आणि बायकांनी सारा जोडायचं, १ जानेवारी १९३९ पासून लागू. ज्याला ओळखून वेगळं काढायचंच आहे त्याला आडनावानं कळलं नाही तर तो दुसरी खूण तयार करतो, एवढं साधं आहे ते. आणि आज? २०१० मध्ये कॉन्स्टान्झ विद्यापीठातल्या दोघांचा एक अभ्यास आला, सारख्याच योग्यतेचे इंटर्नशिपचे अर्ज, काहींवर जर्मन नाव, काहींवर तुर्की, जर्मन नाववाल्यांना होकारार्थी उत्तर यायची शक्यता १४ टक्क्यांनी जास्त. म्युलर सुटला, त्याची जागा दुसऱ्याला मिळाली.

आता आपल्याकडे बघा. गायकवाड, जाधव, मोरे, पवार ही आडनावं मराठ्यांत आहेत, दलितांत आहेत, ओबीसींत आहेत. म्हणजे आडनाव पुरत नाहीच, म्हणून तर पुढचा प्रश्न असतो, गाव कुठलं? पाहुणे कुठले? इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत मोदकाची प्लेट हातात येण्याआधी मला विचारणा झाली, पाटील म्हणजे कुठले पाटील? विचारणारे गृहस्थ वीस-पंचवीस वर्षं जर्मनीत, पोरं फाडफाड जर्मन बोलणारी, पासपोर्ट जर्मन. मी म्हटलं बीलेफेल्डचे पाटील. ते हसले, पण थांबले नाहीत, आईचं माहेर विचारलंच.

त्यामुळे बीडची पाटी मला पटते, पण एवढ्यापुरतीच की ठाण्यात तक्रार घेऊन आलेल्या घाबरलेल्या माणसाला समोरचा साहेब कोण हे आधी वाचायला लागू नये. तातडीचा उपाय म्हणून ठीक. त्यानं जात जाईल म्हणणं म्हणजे १७३१ चं फर्मान पुन्हा काढणं. तसंच आपल्याकडे १ मे २०२४ आणि त्यानंतर जन्मलेल्यांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव आलं, इकडे बरोबर एका वर्षानं १ मे २०२५ पासून नवरा, बायको, मुलं सगळ्यांना दोघांचं जोडआडनाव लावायची मुभा मिळाली, दोन्ही चांगलंच झालं, आईला कागदावर जागा मिळाली. पण कागदानं होतं ते एवढंच.

मागच्या आठवड्यात मामेभावाच्या धाकट्या बहिणीचा बायोडाटा ग्रुपवर आला. वर मोठ्या अक्षरात नुसतं तिचं नाव, आडनाव नाही, काकांनी खास कौतुक केलं, बघा पोरगी किती पुढारलेली. खाली जात आणि पोटजात असे दोन रकाने, दोन्ही भरलेले, आणि अपेक्षांमध्ये पहिलीच ओळ, स्वजातीय. मी काकांना लिहिलं, पोलिसांच्या पाट्या राहू द्या, आधी ही ओळ काढूया का? काकांनी अंगठा पाठवला, मामेभावानं विषय बदलून क्रिकेटचा स्कोअर टाकला, आणि बहिणीनं मला वेगळा मेसेज केला की दादा, तो बायोडाटा मी बनवलेलाच नाही.