‘चार रेघोट्या’ म्हणणाऱ्या सरांना

सर,

तुम्ही नाव दिलेलं नाही, ‘निवृत्त कलाशिक्षक, ३१ वर्षांचा अनुभव’ एवढीच सही आहे, म्हणून सर म्हणते. तुमची प्रतिक्रिया सकाळी वाचली, दुपारी वाचली, रात्री सगळं आवरल्यावर पुन्हा वाचली. लगेच उत्तर दिलं असतं तर तोंडाला येईल ते लिहिलं असतं. राग आता उतरलाय असं नाही, पण निदान शब्द हाताशी आलेत.

मागचा लेख ज्यांनी वाचला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुळशीच्या लग्नाआधीच्या रविवारी साताऱ्यातल्या आमच्या गल्लीत २७ मुलांची चित्रं मांडली होती. सगळ्यात धाकटा साडेतीन वर्षांचा, सगळ्यात मोठी आठ वर्षांची. झेरॉक्सवाल्याने पाठकोरे कागद दिले, किराणावाल्याने खोकी आणि रंगांचे पैसे, मंडपवाल्याने बांबू आणि दोन कनाती. इस्त्रीवाल्या काकांनी दोरी आणि चिमटे आणून दिले. मंडळाच्या पोरांनी दिवसभर गाड्या दुसऱ्या बाजूने वळवल्या. शनिवारी दुपारी मुलांनी ओट्यांवर बसून चित्रं काढली, रविवारी सकाळी ती दोरीवर लागली, संध्याकाळी उतरली.

यावर तुमचे आक्षेप चार. मुलांची नावं आणि फोटो टाकायला नको होते. किराणावाल्याचा फलक लागला म्हणजे ती दुकानाची जाहिरात झाली. बालशिक्षणाचं काम करणाऱ्या ताराबाई मोडकांबद्दल मी चुकीचं लिहिलं. आणि चौथा आक्षेप तुमच्याच शब्दांत: “चार रेघोट्या दोरीवर वाळत घातल्या म्हणजे प्रदर्शन होत नाही. आधी पेन्सिल धरायला शिकवा, मग मिरवा.”

ताराबाईंचं तुमचं बरोबर आहे. १९४५ साली त्यांचं खेड्यातल्या बालशिक्षणाचं काम सुरू झालं ते बोर्डी गावी, कोसबाडला ते नंतर गेलं. मी घाईत कोसबाड लिहून गेले. लेखात दुरुस्ती केली आहे, त्याबद्दल मनापासून आभार. नावं आणि फोटो घरोघरी विचारूनच टाकले होते. आणि ज्याने खोकी दिली, पैसे दिले, त्याचा दोन फुटी फलक लागला तर काय बिघडलं? हे दोन्ही विषय माझ्याकडून संपले.

आता रेघोट्या.

सर, मुद्दा दुसऱ्या शब्दांत मांडता आला असता. ‘या वयाच्या मुलांची चित्रं लोकांपुढे ठेवू नयेत असं मला वाटतं’ असं लिहिलं असतंत तर मी चहाला बोलावून तुमच्याशी वाद घातला असता. तुम्ही ‘वाळत घातल्या’ म्हणालात. ‘मिरवा’ म्हणालात. हे त्या साडेतीन वर्षांच्या पोराच्या देखत, त्याच्या आईसमोर, म्हणाला असतात का? मोबाइलवर लिहिताना समोर कोणी नसतं, म्हणून मोठ्या माणसांचीही जीभ सैल सुटते.

आणि रेघोटी हलकी कधीपासून झाली? दोन वर्षांचं मूल हाताला येईल त्याने रेघा ओढतं. आधी आडव्या-उभ्या, अख्खा हात खांद्यापासून हलवत. मग मनगट वळायला लागतं, तसे गोल गोल फेरे. आणि एक दिवस रेघेचं शेवटचं टोक सुरुवातीला येऊन मिळतं. गोल बंद होतो, त्याला आत आणि बाहेर येतं. तिथून पुढे त्याच गोलाची भाकरी होते, सूर्य होतो, आई होते. मग गोलालाच पाय फुटतात. मान नाही, पोट नाही, डोक्यातून थेट दोन पाय. असा माणूस साताऱ्यातलं मूल काढतं आणि हजारो मैलांवरचं मूलही काढतं, त्याला कोणी शिकवावं लागत नाही. अमेरिकेत ऱ्होडा केलॉग यांनी बालवाडी चालवता चालवता लहान मुलांची दहा लाखांच्या आसपास चित्रं जमवली आणि त्यांतून रेघोट्यांचे २० मूळ प्रकार वेगळे काढले. एका बाईने ज्यावर आयुष्य घातलं, ते आपण ‘चार’ म्हणून उडवून लावायचं? कलाशिक्षणाचे अभ्यासक व्हिक्टर लोवेनफेल्ड यांनी १९४७ साली दोन ते चार वर्षांचा काळ रेघोट्यांचाच म्हणून मांडला, आणि मुलांना गिरवायला तयार चित्रं देण्याला त्यांचा ठाम विरोध होता. एटीडीला, म्हणजे कलाशिक्षकाच्या पदविकेला, तुम्हीही हे वाचलं असणार. सेवाग्रामला १९४४ पासून देवी प्रसाद मुलांबरोबर चित्रांचं काम करत होते. शांतिनिकेतनात नंदलाल बोसांच्या हाताखाली तयार झालेला माणूस. पेन्सिल धरायला शिकवणं त्यांना सहज जमलं असतं. त्यांनी मुलाच्या मनातलं आधी बाहेर येऊ दिलं.

पुस्तकातलं पुरे. त्या रविवारी काय झालं ते सांगते, कारण तुम्ही आला नव्हतात.

साडेतीन वर्षांच्या त्या पोराने काळ्या खडूने नुसते फेरे मारले होते. लांबट, एकावर एक, इतके की दोन ठिकाणी कागद फाटला होता. दोरीवर ते चित्र सगळ्यात खाली होतं, त्याच्या उंचीला. लोक येत होते, त्यावरून नजर फिरवून पुढच्या फुलांकडे आणि मोरांकडे जात होते. दुपारी आमचे गिरणीवाले मामा आले. गिरणी बंद करून तसेच आलेले, भुवयांवर पीठ. ते त्या कागदापुढे उकिडवे बसले आणि बराच वेळ काही बोललेच नाहीत. मग पोराला म्हणाले, “पट्टा काढलास होय रं?” पोराने मान डोलावली. “हितं फाटलंय तितं आवाज करतो,” तो म्हणाला. मामांच्या गिरणीच्या पट्ट्याला जोड आहे, तो चाकावरून जाताना दर फेऱ्याला फट् असा आवाज येतो. पोरगं आजीबरोबर दळण घेऊन जातं आणि डबा भरेपर्यंत त्या पट्ट्याकडे बघत बसतं. हे आईला माहीत नव्हतं, मला माहीत नव्हतं. मामांना कळलं.

सर, याला मी प्रदर्शन म्हणते. चित्र काढणाऱ्याने काढलं, बघणाऱ्याने ओळखलं.

‘आधी शिकवा’ याचं काय होतं ते मी स्वतः भोगलंय, म्हणून तुमचं ते वाक्य मला एवढं लागलं. दुसरीत असताना मी आमचं घर काढलं होतं. भिंत होती, आणि भिंतीतून आतलं सगळं दिसत होतं: चूल, फळीवरचे डबे, बाजेवर झोपलेली आजी, तिच्या पायाशी मांजर. बाईंनी लाल पेनाने लिहिलं, ‘भिंतीतून दिसत नाही’. मग फळ्यावर घर कसं काढायचं ते दाखवलं. तुम्हाला ते चित्र ठाऊक आहे, सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक आहे. दोन डोंगर, मधून सूर्य, खाली वळणाची नदी, कडेला झोपडी आणि नारळाचं झाड. पुढची सात वर्षं मी तेच काढलं आणि दर वर्षी दहापैकी आठ गुण घेतले. आमच्या वाड्यात नारळाचं झाड कधी नव्हतं. एलिमेंटरीच्या चित्रकला परीक्षेला बसले तेव्हा स्मरणचित्राच्या पेपरला हात थांबला, कारण स्मरणात तेवढं एकच चित्र उरलं होतं. आजी मी तिसरीत असताना गेली. बाजेवरच्या आजीचा तो कागद कोणी जपला नाही, मीही नाही, कारण तो चुकलेला होता.

तुम्हीही असंच केलं असेल असं मला म्हणायचं नाही. पण ३१ वर्षांचा अनुभव तुम्ही स्वतःहून मध्ये आणलात, तर विचारते: त्या ३१ वर्षांत किती कागदांवर तुमचं लाल पेन चाललं? हे वाक्य कठोर झालंय. खोडणार होते, खोडत नाही.

अजून एक. लहान मुलांचं काम रस्त्यावर मांडायचं हे खूळ मी काढलेलं नाही. दिवाळीत दारोदारी किल्ले होतात ते काय असतं? पाच-सहा वर्षांची पोरं विटा रचतात, चिखलात भिजवलेली पोती टाकतात, हळीव पेरतात. गुहेतला वाघ बुरुजाएवढा असतो, तळ्यातलं बदक मावळ्यापेक्षा मोठं असतं. येणारा-जाणारा थांबतो, महाराज कुठे बसवलेत ते विचारतो, पोरगं तोंडभरून सांगतं. कोणी म्हणतं का, आधी दुर्गरचना शिका आणि मग किल्ला करा? आमच्या प्रदर्शनाच्या वेळी गल्लीत तीन किल्ले उभे होते, हळीव वाळायला लागलेला. त्यांच्याच वर दोरी बांधली होती. (अजिंक्यतारा नऊ मुलांनी काढला. त्यातल्या सात जणांनी किल्ल्यापेक्षा वरचा टॉवर मोठा काढला. आमच्या खिडकीतून तो तसाच दिसतो.)

कलादालन, मोठं सभागृह असं काही आमच्या पोरांच्या वाट्याला येत नाही, आणि आलं तरी गिरणीवाले मामा तिथे पाऊल ठेवणार नाहीत. गाव मी चुकले असेन सर, पण ताराबाईंचं मर्म चुकले नाही. मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्यांनी बालवाडी मुलांच्या अंगणात नेली. अंगणवाडी हा शब्द तिथून आला. आम्ही चित्रं बघणाऱ्यांच्या दारात नेली, एवढंच.

पुढचं प्रदर्शन उन्हाळ्याच्या सुट्टीत आहे. तुम्ही साताऱ्याच्या जवळपास असाल तर या, पण हातात पेन न घेता. सुट्टीपर्यंत थांबायचं नसेल तर पट्ट्याचं चित्र मामांनी मागून नेलंय. गिरणीत वजनकाट्याच्या वर खिळ्याला लावलंय आणि त्यावर आता पीठ बसायला लागलंय. मामा ते रोज फडक्याने झटकतात. गिरणी गुरुवारी बंद असते.