विणण्याआधी विचारा

आमच्या विणकाम मंडळात परवा पुन्हा तोच विषय निघाला. बैठक संपली तरी विषय काही संपला नाही, म्हणून इथे सविस्तर लिहितेय. आपण मंडळातर्फे टोप्या, मोजे, पांघरुणं विणून देतो. त्या वस्तू कशा असाव्यात हे कुणी ठरवायचं? विणणाऱ्याने की वापरणाऱ्याने? एक ताई कळवळून म्हणाल्या, "अगं, कुणी एवढ्या प्रेमाने विणून देतंय, त्यात आणखी अटी कसल्या घालायच्या? धर्माची गाय आणि दात का गं नाय, असं झालं हे!" दोघीतिघींनी माना डोलावल्या.

मला हे अजिबात पटत नाही. प्रेम आहे म्हणूनच विचारायला हवं, असं माझं ठाम मत आहे.

नवजात बाळांच्या टोप्यांचंच घ्या. जगभरातल्या विणकाम क्लबांचं हे लाडकं काम, आणि ते का हेही उघड आहे. टोपी लहान असते, पटकन होते, उरलीसुरली लोकर कामी येते, नवशिकीलाही जमते. गरजही खरी आहे. बाळाचं डोकं अंगाच्या मानाने मोठं, त्यामुळे उघड्या डोक्यातून बरीच ऊब निघून जाते. वेळेआधी जन्मलेल्या बाळाच्या कातडीखाली तर चरबीचा थर नसल्यासारखाच असतो. नवजात बाळाला उबेत ठेवण्याच्या जागतिक आरोग्य संघटनेच्या सूचनांमध्ये टोपीचा उल्लेख आहे, तो उगाच नाही.

पण टोपी कोणत्या मापाची? पूर्ण दिवस भरून जन्मलेल्या बाळाच्या डोक्याचा घेर साधारण 34-35 सेंटीमीटर असतो. 28 आठवड्यांच्या बाळाचा 25-26 च्या आसपास. नऊ सेंटीमीटरचा फरक! आणि 'बाळाची टोपी' म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येतं ते गुटगुटीत, हसरं, चार महिन्यांचं बाळ. हात आपोआप त्याच्याच मापाचे टाके घालतात. मग ती टोपी काचेच्या पेटीतल्या एवढ्याशा जिवाच्या डोळ्यांवर येते, नाकावर घसरते, आणि परिचारिका ती काढून बाजूला ठेवते. तिने तेच करायला हवं.

बरं, माप जमलं तरी भागत नाही. वर लावलेला गोंडा, मणी, बटण, रिबीन हे सगळं सुटून तोंडात जाऊ शकतं. दोन रंगांची नक्षी विणली की आतल्या बाजूने मोकळे धागे आडवे जातात, त्यात बाळाची बोटं अडकतात. जाळीच्या पांघरुणाचंही तेच. जाळी दिसते फार सुरेख, पण इवलंसं बोट त्या भोकात गेलं आणि पीळ बसला तर? शिवाय घरी गेल्यावर, झोपलेल्या बाळाच्या डोक्यावर टोपी ठेवू नये असं अमेरिकन अकॅडमी ऑफ पेडियाट्रिक्स ही बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगते, कारण बाळाला जास्त उकडण्याचा धोका असतो. म्हणजे रुग्णालयात किती टोप्या लागतात आणि घरी नेण्यासाठी काय द्यावं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. त्यांची उत्तरं आपल्याला घरबसल्या कशी कळणार? तिथे काम करणाऱ्या बाईंना कळतात. त्यांना फोन करायला पाच मिनिटं लागतात.

धाग्याबद्दलही लिहिते, कारण मंडळात सगळ्यात जास्त आग्रह याच बाबतीत असतो. "मी शुद्ध लोकरच वापरते" असं अभिमानाने सांगणाऱ्या आहेत, आणि स्वतःच्या घरच्यांसाठी त्यांनी खुशाल वापरावी. पण मेंढीच्या लोकरीच्या प्रत्येक केसावर बारीक खवले असतात. गरम पाणी, साबण आणि घुसळण एकत्र आलं की ते खवले एकमेकांत गुंततात आणि वीण आटते. रुग्णालयाच्या धुलाईत नेमक्या याच तीन गोष्टी असतात. आटू नये म्हणून प्रक्रिया केलेली लोकर मिळते, पण ती कुठली हे लेबल वाचल्याशिवाय कळत नाही. टोचण्याचं म्हणाल तर 30 मायक्रॉनहून (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) जाड केसांची टोकं कातडीला टोचतात. केमोथेरपीने केस गेलेल्या माणसाची टाळू किती हळवी झालेली असते, तिथे अशी टोपी पाच मिनिटंही राहणार नाही. त्यांना मऊ सुती किंवा मऊ ॲक्रिलिक टोपी हवी, आणि आतून शिवण उंचावलेली नको. उलट, जिथे आगीच्या जवळ काम आहे तिथे ॲक्रिलिक नको, कारण ते वितळून अंगाला चिकटतं. तिथे लोकर बरी, ती सहजासहजी पेट घेत नाही. म्हणजे 'चांगला धागा' म्हणून एकच काही नाही. तो कुणाच्या अंगावर जाणार, यावर सगळं.

वेळेआधी जन्मलेल्या बाळांसाठीचे क्रोशेचे ऑक्टोपस, म्हणजे आठ पायांची विणलेली छोटी खेळणी, तुम्ही पाहिले असतील. ही कल्पना 2013 साली डेन्मार्कमध्ये सुरू झाली आणि बघता बघता जगभर गेली. मला त्यातलं सगळ्यात आवडतं ते त्यांचं नियमांचं पत्रक: धागा 100 टक्के सुती, 60 अंशांवर धुता येईल असा, आणि त्याचे पाय ताणले तरी 22 सेंटीमीटरपेक्षा लांब होता कामा नयेत. पाय लांब झाले तर बाळाच्या गळ्याभोवती गुंडाळले जाण्याची भीती. त्याचा बाळांना नेमका किती फायदा होतो याचा भक्कम पुरावा अजून नाही, त्यामुळे काही रुग्णालयं ते घेतात, काही घेत नाहीत. पुन्हा तेच, विचारावं लागतं.

न विचारता केलेल्या मायेचं काय होतं याचं मोठं उदाहरण ऑस्ट्रेलियातलं आहे. फिलिप बेटाजवळ 2001 साली तेल सांडलं आणि 438 छोटे पेंग्विन त्यात माखले. तेलाने माखलेला पक्षी चोचीने पिसं साफ करत बसतो आणि ते विष त्याच्या पोटात जातं. आंघोळ घालेपर्यंत त्याने पिसांना चोच लावू नये म्हणून त्याला लोकरीचा छोटा स्वेटर घालतात. त्या खेपेला 96 टक्के पेंग्विन वाचले. इथवर सगळं छान. पुढे 2015 मध्ये एका 109 वर्षांच्या आजोबांनी पेंग्विनसाठी स्वेटर विणल्याची बातमी जगभर फिरली आणि स्वेटरांचा पूर आला. ते स्वेटर जमवणाऱ्या संस्थेला जाहीर सांगावं लागलं की आमच्याकडे पुरेसे आहेत, आता पाठवू नका. तिथल्याच वणव्यांच्या वेळी, जानेवारी 2020 मध्ये, कांगारूंच्या अनाथ पिल्लांसाठी पिशव्या जमवणाऱ्या स्वयंसेवकांवरही हीच वेळ आली. आलेला माल उघडायला, निवडायला, ठेवायला माणसं लागतात. जी माणसं प्राण्यांजवळ हवीत ती खोकी फोडत बसतात.

याच्या नेमकं उलट उदाहरण पहिल्या महायुद्धातलं. 1914 मध्ये ब्रिटनच्या राणी मेरी यांनी सैनिकांसाठी मोज्यांचे तीन लाख जोड आणि तेवढेच लोकरीचे कमरपट्टे हवेत असं आवाहन केलं. आकडा ठरलेला, वस्तू ठरलेली. खंदकात दिवसेंदिवस ओल्या पायांनी उभं राहून पाय सडायचे, म्हणून कोरडे मोजे ही चैन नव्हती. रेड क्रॉसने तर नमुन्यांची पत्रकं छापून वाटली, त्यात माप आणि रंगही सांगितलेला. मोज्याच्या पुढच्या टोकाला शिवण आली की ती बोटांना घासते आणि फोड येतात, म्हणून सुईने टाक्याला टाका जोडून ते टोक असं बंद करायचं की जोड हाताला लागणारच नाही. या पद्धतीला विणणारे आजही लॉर्ड किचनर या तेव्हाच्या ब्रिटिश युद्धमंत्र्यांच्या नावाने ओळखतात. मोजा घालून मैलोन्‌मैल चालणाऱ्याच्या पायाचा विचार त्या एका ओळीत आहे. मला ही ओळ विणताना दर वेळी भरून येतं.

आता कुणी म्हणेल, इतके नियम घातले तर मंडळात यायची मजा काय राहिली? माझा अनुभव असा की मजा वाढली. नेमकं काय हवंय हे कळलं की सगळ्यांना एकाच गोष्टीवर डोकं चालवावं लागतं. पांघरुणाचं सांगते. 100 सेंटीमीटर लांब आणि 80 रुंद पांघरूण हवं असेल तर 20 सेंटीमीटरचे 20 चौकोन लागतात, पाच गुणिले चार. चौकोन वीस हातांनी विणलेले आणि प्रत्येकीचा हात वेगळा. कुणाचा घट्ट, कुणाचा सैल. सगळ्यांना "40 टाके घाला" म्हटलं तर एकीचा चौकोन 18 चा होतो, दुसरीचा 22 चा, आणि जोडायला बसलं की कडा जुळत नाहीत.

यावर जुन्या विणणाऱ्यांनी काढलेला उपाय म्हणजे कोपऱ्यापासून तिरपा चौकोन. दोन-तीन टाक्यांनी सुरुवात करायची, सगळ्या ओळी सुलट, आणि प्रत्येक ओळीच्या सुरुवातीला एक टाका वाढवायचा. हळूहळू त्रिकोण होत जातो. त्याची बाजू पट्टीवर 20 सेंटीमीटर भरली की वाढवणं थांबवायचं आणि प्रत्येक ओळीला एक टाका कमी करत दुसऱ्या कोपऱ्याला पोचायचं. टाके किती हे कुणी कुणाला विचारायचंच नाही, फक्त पट्टी लावायची. घट्ट हाताची बाई जास्त टाक्यांपर्यंत जाते, सैल हाताची कमी, आणि दोघींचा चौकोन 20 चाच. पहिल्यांदाच सुया धरलेली मुलगी आणि पन्नास वर्षं विणणाऱ्या काकू यांचे चौकोन शेजारी शेजारी बसतात. मला वाटतं मंडळ म्हणून एकत्र काही करायचं तर याहून चांगलं काम नाही.

अंगावरच्या कपड्यांना मात्र ही सूट नाही, तिथे आधी नमुना, म्हणजे त्याच धाग्याचा छोटा तुकडा, विणूनच बघावा लागतो. कंटाळा करणाऱ्यांसाठी साधं गणित देते. स्वेटरला 220 टाके घातले, 10 सेंटीमीटरमध्ये 22 टाके बसायला हवेत, म्हणजे घेर 100. तुमचा हात जरा सैल आहे आणि बसले 20, तर तोच स्वेटर 110 चा झाला. फक्त दोन टाक्यांचा फरक! ज्याच्यासाठी विणला त्याच्या खांद्यावरून तो उतरणार. म्हणून आमच्याकडे पहिली बैठक नमुन्याची असते, आणि नमुना धुऊन, वाळवून मग मोजायचा, कारण धुतल्यावर वीण सैलावते किंवा आटते.

याच बैठकीत शिकवणंही होतं, आणि ते मला विणण्याहून मोलाचं वाटतं. व्हिडिओ बघून टाके घालता येतात. पण टाका निसटून खाली शिडीसारखी फट पडली की नवीन मुलगी घाबरते आणि सगळं उसवायला निघते. तेव्हा शेजारी बसलेलं कुणी तरी हात धरून दाखवावं लागतं: क्रोशेची सुई समोरून सुटलेल्या टाक्यात घाल, लगेच वरचा आडवा धागा पकड, टाक्यातून ओढून घे, पुन्हा वरचा धागा पकड. फट बंद होत होत वर येते. एकदा हे जमलं की भीती कायमची जाते. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत साडेतीन हजारांहून जास्त विणणाऱ्यांना विचारलं होतं. वरचेवर विणणाऱ्यांनी मन शांत आणि आनंदी राहतं असं सांगितलं, आणि गटात विणण्याचा आनंदावर आणि लोकांशी बोलण्यावर चांगला परिणाम होतो असंही दिसलं. उत्तरं विणणाऱ्यांनी स्वतःबद्दलच दिलेली होती, त्यामुळे तो काही पक्का पुरावा नव्हे, पण आमच्या बैठकीत मी जे बघते त्याच्याशी ते जुळतं.

ज्यांना मनासारखंच विणायचं आहे त्यांनी जरूर विणावं, स्वतःसाठी, नातवंडांसाठी, मैत्रिणीसाठी. वेणीची वीण, जाळी, दहा रंग, काय हवं ते. मंडळात बसूनच विणावं, आम्ही कौतुकच करू. फक्त जे अनोळखी माणसाच्या अंगावर जाणार आहे, तिथे त्या माणसाचा शब्द आधी.

तर पुढच्या खेपेसाठी माझा प्रस्ताव हा आहे. सुरुवात करण्याआधी जिथे द्यायचं तिथे फोन करायचा आणि विचारायचं: नेमकी कोणती वस्तू संपत आलीय, कोणत्या मापाच्या किती हव्यात, कसं धुता, धागा कोणता चालत नाही, कधीपर्यंत हवं, आणि काही नको असेल तर तसंही मोकळेपणाने सांगा. "सध्या काही नको" हे उत्तर आलं तर राग मानायचा नाही, दुसरीकडे विचारायचं. मिळालेली उत्तरं कागदावर लिहून भिंतीवर लावायची. तयार वस्तूला चिठ्ठी बांधायची: धागा कशाचा, घेर किती, किती गरम पाण्यात धुवायचं. धाग्याचं लेबल हरवलं असेल आणि तो कशाचा आहे हे नक्की माहीत नसेल, तर ती वस्तू रुग्णालयाच्या पेटीत टाकायची नाही.